वही जिंकली, वेबसाईट हरली: सीएमएसमध्ये स्वतःच्या मॉड्यूलचा डेटा कुठे ठेवायचा आणि कसा सापडवायचा

हा भाग ऐकायचा राहून गेला असेल त्यांच्यासाठी, आणि "कानातून गेलं, डोक्यात नाही राहिलं" म्हणणाऱ्यांसाठी, नेहमीप्रमाणे लेखी रूप. बोलताना येणारे "म्हणजे बघा", "काय झालं की" थोडे छाटलेत, बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवात कपिलधारपासून करतो. बीडहून सोलापूरच्या दिशेने निघालात की मांजरसुंबा लागतं, तिथून जवळच बालाघाटाच्या डोंगरात ही दरी. पावसाळ्यात धबधबा बघायला गर्दी असते. पण मराठवाड्यात कपिलधार म्हटलं की आधी आठवतात ते मन्मथस्वामी. 'परमरहस्य' लिहिणाऱ्या या वीरशैव संतकवीची समाधी इथे आहे, आणि कार्तिकी पौर्णिमेला यात्रा भरते. गावोगावच्या दिंड्या पायी येतात.

अशाच एका दिंडीसाठी मी वर्डप्रेसवर नोंदणीचं छोटं मॉड्यूल लिहिलं होतं. यात्रेकरूचं नाव, गाव, वय, घरच्यांचा फोन, औषधं काय चालू आहेत, एवढंच. फुकटात, हौसेनं. पौर्णिमेच्या रात्री एक आजी दिंडीतून चुकली. दुसऱ्याच कुणाच्या तरी मुक्कामाला जाऊन बसली होती. गळ्यातलं कार्ड कुठे पडलं तिला ठाऊक नाही. स्वतःचं नाव सांगत होती, गावाचं नाव सांगत होती, आणि "माझ्या पोराला फोन लावा" एवढंच म्हणत होती. नंबर तिला पाठ नव्हता.

स्वयंसेवकानं साईट उघडली. नाव टाकलं, तर त्या नावाच्या बावीस बायका. गाव टाकलं, तर शून्य. एकही नोंद नाही. त्या गावातून पंधरावीस माणसं आलेली असताना! मला फोन आला. दरीत रेंज धड नाही, अर्धं ऐकू येतंय, अर्धं नाही. मी घरून डेटाबेस उघडून बसलो. पण शेवटी तिचं कुटुंब सापडलं ते दिंडीतल्या एका काकांच्या वहीतून. लाल पुठ्ठ्याची लांब वही. काकांनी गावाचं पान उघडलं, बोट खाली सरकवलं आणि म्हणाले, "ही बघा. अन् हा पोराचा नंबर." पाच मिनिटं लागली नसतील.

साईटवर तोच नंबर शोधला तेव्हा कळलं की तो तिथे नव्हताच. त्या जागी २१४७४८३६४७ असं काहीतरी होतं. तिच्याच नाही, सगळ्यांच्याच नावापुढे हाच आकडा.

चूक माझी होती. एक नाही, चार. वही का जिंकली आणि साईट का हरली, तेच या भागात बघू.

डेटा ठेवायच्या तीन जागा

सीएमएस, म्हणजे वर्डप्रेस, ड्रुपल, जुमला यातलं काहीही घ्या. लेख, पानं, फोटो कुठे ठेवायचे ते त्याचं ठरलेलं असतं. प्रश्न येतो तो आपण स्वतः मॉड्यूल किंवा प्लगिन लिहितो तेव्हा. आपला डेटा लेखासारखा नसतो. त्यात वेगवेगळे रकाने असतात. तो ठेवायला साधारण तीन जागा आहेत.

पहिली, सेटिंगची जागा. वर्डप्रेसमध्ये तिला ऑप्शन्स टेबल म्हणतात. साईटचं नाव, रंग, कुठली भाषा, अशा मोजक्या गोष्टींसाठी ती आहे. इथली बरीच माहिती प्रत्येक पान उघडताना आपोआप मेमरीत ओढली जाते. तिथे पाच हजार यात्रेकरू ठेवले, तर कुणी नुसतं 'आमच्याविषयी' हे पान उघडलं तरी पाच हजार माणसं उगाच उठून उभी राहतात. यादी वाढत जाणारी असेल तर ही जागा नाही.

दुसरी, मेटाची जागा. वर्डप्रेसच्या पोस्टमेटा टेबलात चारच कॉलम आहेत: ओळीचा क्रमांक, पोस्टचा क्रमांक, मेटा-की आणि मेटा-व्हॅल्यू. म्हणजे प्रत्येक यात्रेकरू ही एक पोस्ट, आणि त्याचं गाव, वय, फोन या प्रत्येकाची मेटामध्ये एकेक वेगळी ओळ. बारा रकाने असतील तर एका माणसाच्या बारा ओळी. पाच हजार माणसांच्या साठ हजार. सोय मोठी आहे, कारण नवा रकाना हवा तेव्हा जोडता येतो, टेबल बदलावं लागत नाही. पण "अमुक गावच्या, साठ वर्षांवरच्या, मधुमेह असलेल्या बायका" असं विचारलं की तेच टेबल स्वतःलाच तीनदा जोडून बघावं लागतं.

तिसरी, स्वतःचं टेबल. एक माणूस, एक ओळ. गावाचा कॉलम वेगळा, वयाचा वेगळा, फोनचा वेगळा. वहीसारखं.

मी काय केलं होतं? नावाला पोस्ट केली, फोनसाठी एक स्वतःचं टेबल केलं, आणि उरलेली सगळी माहिती एका गठ्ठ्यात बांधून मेटाच्या एकाच खान्यात कोंबली. जेसनचा गठ्ठा. लिहायला दहा मिनिटं वाचली. माझी पहिली चूक ती.

गठ्ठ्यात बांधलेलं गाव

पीएचपीत जेसन बनवताना काही वेगळं सांगितलं नाही तर देवनागरी अक्षरं अक्षरं म्हणून राहत नाहीत. प्रत्येक अक्षराच्या जागी उलटी तिरकी रेघ, मग यू, मग त्याचा युनिकोड क्रमांक येतो. 'क' चा क्रमांक ०९१५, 'प' चा ०९२A मधला, म्हणजे सोळाच्या पाढ्यातला. पान दाखवताना गठ्ठा सोडला जातो, तेव्हा गाव व्यवस्थित दिसतं. म्हणून मला कधी शंका आली नाही. पण शोध घेणारा डेटाबेस गठ्ठा सोडत नाही, तो बाहेरून बघतो. त्याला तिथे गावाचं नाव नाही, आकड्यांची माळ दिसते. शून्य नोंदी आल्या त्या यामुळे.

यातच आणखी एक खड्डा आहे. वर्डप्रेस मेटा लिहिताना उलट्या रेघा काढून टाकतं. तुम्ही आधीच काळजी घेतली नाही तर रेघ जाते, नुसता यू आणि आकडे उरतात, आणि मग गठ्ठा सोडला तरी अक्षर परत येत नाही. इंग्रजी डेटावर हे कधी दिसतच नाही. आपल्याला मात्र पहिल्याच नोंदीला दिसतं. जेसन वापरायचंच असेल तर युनिकोड तसंच ठेवा असं त्याला सांगता येतं, ते सांगा. पण खरा नियम साधा आहे. ज्यावरून शोधायचं आहे, ते गठ्ठ्यात बांधायचं नाही. त्याला स्वतःचा कॉलम द्यायचा. औषधांची टीप, खास सूचना, असं जे फक्त वाचायचं आहे, ते खुशाल गठ्ठ्यात ठेवा.

इंडेक्स म्हणजे काय: सातबारा आणि आठ-अ

आता इंडेक्स. पुस्तकाच्या शेवटची सूची हे उदाहरण सगळे देतात. मला आपल्या तलाठ्याचं दप्तर जास्त जवळचं वाटतं.

सातबारा उतारा गट नंबरवरून निघतो. अमुक गट कुणाचा, असं विचारलंत तर उत्तर लगेच मिळतं. पण "अमुक माणसाची या गावात एकूण किती जमीन?" असा प्रश्न आला तर? गावातले सगळे सातबारे एकेक करून चाळावे लागतील. ते चाळावे लागत नाहीत, कारण दुसरा नमुना आहे: गाव नमुना आठ-अ. तो खातेदारावरून लावलेला असतो. एका खात्याखाली त्या खातेदाराचे सगळे गट. जमीन तीच. फक्त शोधायची वाट दुसरी.

डेटाबेसचा इंडेक्स म्हणजे हा आठ-अ. मूळ टेबल एका क्रमानं लावलेलं असतं, बहुधा नोंदीच्या क्रमांकानं. गावावरून शोधायचं तर गावाच्या क्रमानं लावलेली एक वेगळी यादी डेटाबेस सांभाळतो, आणि त्या यादीत प्रत्येक गावापुढे "मूळ नोंद कुठे आहे" एवढंच लिहिलेलं असतं.

लावलेल्या यादीचा फायदा किती? यादी लावलेली नसेल तर एक लाख नोंदींत एक शोधायला वाईटात वाईट लाखही बघाव्या लागतील. लावलेली असेल तर मधोमध उघडा, अलीकडे की पलीकडे ते बघा, पुन्हा मधोमध उघडा. अशा सतरा वेळा अर्ध्या केल्या की लाखातली एक नोंद हाती येते. पाच हजारांत तेराच वेळा. मायएसक्यूएलमधला इनोडीबी तर याहून हुशारीनं काम करतो. तो सोळा केबीची पानं वापरतो आणि एकेका पानावर शेकडो खुणा ठेवतो, त्यामुळे लाखोंच्या टेबलातही तीनचार पानं उलटली की काम होतं.

मग सगळ्याच कॉलमला इंडेक्स लावून टाकावा का? नाही. पुन्हा तलाठ्याकडे चला. जमीन विकली की फेरफार होतो, सहा नंबरच्या नोंदवहीत चढतो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. त्यानंतर सातबाराही बदलावा लागतो आणि आठ-अही. जितक्या याद्या जास्त, तितकं प्रत्येक बदलाला लिखाण जास्त. इंडेक्सचंही तसंच. शोध स्वस्त होतो, लिहिणं महाग होतं. आणि 'स्त्री/पुरुष' अशा कॉलमला एकट्यानं इंडेक्स लावून काहीच मिळत नाही. अर्धी यादी इकडे, अर्धी तिकडे, मग शोधलं काय?

पोस्टमेटाचं दुखणं आता लक्षात येईल. त्या टेबलात पोस्टच्या क्रमांकाला इंडेक्स आहे, मेटा-कीला आहे. मेटा-व्हॅल्यूला नाही. म्हणजे "गाव हा रकाना" पटकन सापडतो, पण "गाव म्हणजे अमुक" हे शोधायला त्या रकान्याच्या सगळ्या ओळी चाळाव्या लागतात.

मेटा-कीच्या इंडेक्सची लांबी १९१ अक्षरं आहे. हा विचित्र आकडा कुठून आला असं एकानं मागे विचारलं होतं. जुन्या इनोडीबीत इंडेक्सच्या एका कॉलमला ७६७ बाइटांची मर्यादा होती. यूटीएफ८एमबी४ मध्ये एका अक्षराला जास्तीत जास्त चार बाइट धरतात. १९१ गुणिले चार, ७६४. बसलं. १९२ केलं असतं तर ७६८ झाले असते, म्हणजे एका बाइटानं बाहेर.

दोन कॉलमचा एक इंडेक्स

काकांच्या वहीत पानं गावाप्रमाणे होती, आणि गावाच्या पानावर नावं. म्हणजे गाव, मग नाव. हा झाला जोड-इंडेक्स. यातला क्रम महत्त्वाचा. गाव माहीत असेल तर वही धावते. गाव आणि नाव दोन्ही माहीत असेल तर आणखी धावते. पण फक्त नाव माहीत असेल तर वही आडवी पडते, सगळी पानं चाळावी लागतात. डेटाबेसातही हेच: जोड-इंडेक्स डावीकडून वापरला जातो. पहिला कॉलम प्रश्नात नसेल तर त्याचा उपयोग बहुतेक संपला.

त्र्यंबकेश्वरला, नाशिकला तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात, तिथे कधी गेला असाल तर आठवा. गुरुजी आधी काय विचारतात? गाव आणि आडनाव. तुमचं नाव नंतर. पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी त्या वाटेनं सापडतात. हजारो माणसांतून कुळ शोधायला कुठला प्रश्न आधी विचारायचा, हे त्यांनी संगणकाच्या कितीतरी आधी ठरवून ठेवलंय.

म्हणून टेबल बनवायच्या आधी कागद घ्या आणि लोक काय काय विचारणार ते लिहा. "या गावचे यंदाचे यात्रेकरू कोण?" "या फोन नंबरचा माणूस कोण?" "या नावाचं, या गावचं कोण?" मी रकाने आधी ठरवले आणि प्रश्न ठरवलेच नाहीत. ती दुसरी चूक.

गावाचं नाव ही ओळख नाही

गावाला कॉलम दिला, इंडेक्स लावला, संपलं? नाही संपलं. लोक गावाचं नाव हातानं टाइप करतात. कुणी मांजरसुंबा लिहितं, कुणी मांजरसुंभा. अंबाजोगाई आणि आंबेजोगाई दोन्ही चालतं, आणि निजामाच्या काळातल्या कागदांत तेच गाव मोमिनाबाद म्हणून आहे. जिल्हा म्हणाल तर २०२३ नंतर उस्मानाबादचं धाराशिव झालं आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर. जुन्या वर्षांच्या नोंदी एका नावाखाली, नव्या दुसऱ्या. आणि उलटा घोळही आहे: पिंपळगाव म्हटलं तर कुठलं? या नावाची गावं मराठवाड्यात किती आहेत ते मोजत बसावं लागेल.

यावर उपाय म्हणजे गावाला क्रमांक द्यायचा आणि नोंदीत नाव न ठेवता क्रमांक ठेवायचा. तो स्वतः बनवायचीही गरज नाही. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला कोड आहे, जनगणनेचेही कोड आहेत. गावांचं एक छोटं टेबल करा: कोड, चालू नाव, तालुका, जिल्हा. त्याच्या शेजारी दुसरं टेबल: कोड आणि त्या गावाची सगळी लिहिली जाणारी नावं. नोंदणी करताना माणसानं 'मांजर' एवढं टाइप केलं की खाली यादी यावी, त्यानं निवडावं, आणि आत फक्त कोड जावा. उद्या नाव बदललं तर एका ठिकाणी बदला, पाच हजार नोंदींना हात लावायचं कारण नाही.

शोधाची सूची वेगळी असते

इथे एक गोंधळ नेहमी होतो. 'इंडेक्स' हा शब्द दोन गोष्टींसाठी वापरला जातो. आतापर्यंत बोललो तो डेटाबेसचा इंडेक्स: बरोब्बर हे गाव, बरोब्बर हा नंबर. दुसरी ती शोधाची सूची, म्हणजे साईटवरच्या त्या भिंगाच्या चौकटीमागे असते ती: कुठला शब्द कुठल्या पानावर आलाय याची यादी.

वर्डप्रेसचा मूळचा शोध पोस्टचं शीर्षक, सारांश आणि मजकूर एवढंच बघतो. मेटा बघत नाही, तुमचं स्वतःचं टेबल तर त्याला माहीतही नसतं. यात्रेकरूचं नाव सापडलं कारण ते शीर्षक होतं. गाव सापडलं नसतंच, अगदी जेसनचा घोळ नसता तरीही. डेटा आत आहे म्हणून चौकटीला तो दिसेलच, असं मी गृहीत धरलं, ती तिसरी चूक.

ड्रुपलवाल्यांसाठी सांगतो, कारण 'मॉड्यूल' हा शब्द मुळात तुमचा. तिथे फील्ड जोडलं की प्रत्येक फील्डला स्वतःचं टेबल मिळतं, त्यामुळे पोस्टमेटासारखा एकच ढीग होत नाही, पण बरेच रकाने एकदम विचारले की जोडण्या वाढतातच. स्वतःचं टेबल हवं असेल तर मॉड्यूलच्या इन्स्टॉल फाइलमध्ये स्कीमा लिहायची: कॉलम, प्रायमरी की, इंडेक्स, सगळं तिथेच. ते टेबल व्ह्यूजमध्ये दिसायला हवं असेल तर व्ह्यूजला त्याची ओळख वेगळी करून द्यावी लागते. आणि शोधात यायला हवं असेल तर नोडची सूची बनताना आपला मजकूर त्यात घालणारा हूक आहे, तो लिहावा लागतो. ओळख करून दिल्याशिवाय कुणी कुणाला ओळखत नाही. जुमलात २०१७ च्या ३.७ आवृत्तीपासून कस्टम फील्ड मुळातच आहेत, आणि त्यांचा साठाही पोस्टमेटाच्याच वळणाचा: फील्डचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक, किंमत.

आणखी एक. शोधाची सूची बरेचदा क्रॉननं, म्हणजे ठराविक वेळानं भरली जाते. आत्ता केलेली नोंद आत्ताच सापडेल असं नाही. वर्डप्रेसचा क्रॉन तर कुणी साईटला भेट दिली तरच हलतो. रात्री साईट निपचित पडलेली असेल तर क्रॉनही झोपलेला. यात्रेसारख्या कामाला सर्व्हरचा खरा क्रॉन लावा, किंवा नोंद जतन होते त्याच क्षणी सूचीत घाला.

मराठीची स्वतःची दुखणी

पुढचा भाग इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये मिळत नाही, म्हणून जरा सावकाश.

डोळ्याला एक दिसणारं अक्षर संगणकाला दोन प्रकारे लिहिता येतं. 'ॲ' हे एकच चिन्ह म्हणून आहे, आणि 'अ' वर 'ॅ' देऊनही होतं. 'दर्‍या' मधला अर्धा र नेहमीच्या र ला हलन्त आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह देऊन होतो, आणि नुक्त्याच्या 'ऱ' ला हलन्त देऊनही होतो. दिसायला सारखं, बाइट वेगळे. एकाच्या मोबाइलवरून एक येतं, दुसऱ्याच्या लॅपटॉपवरून दुसरं. डेटाबेसच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असू शकतात.

मग ऱ्हस्व-दीर्घ. अनुस्वार की पंचमवर्ण. देवनागरी आकडे की इंग्रजी. आणि विभक्ती! 'धार' शोधलं तर 'धारेला' यावं का? 'पाणी' शोधलं तर 'पाण्याचा' कसा सापडणार?

मी आता प्रत्येक नावासाठी दोन कॉलम ठेवतो. एक दाखवायचा, माणसानं जसं लिहिलं तसा, त्याला हात नाही लावायचा. दुसरा शोधाचा. त्यात घालण्याआधी मजकूर धुऊन घेतो: युनिकोडचं एकच प्रमाणरूप करायचं, न दिसणारी जोडचिन्हं काढायची, ऱ चा र, दीर्घ वेलांटी-उकारांचे ऱ्हस्व, आकडे एकाच लिपीत, जादा मोकळ्या जागा गाळायच्या. शोधणाऱ्यानं टाइप केलेलाही मजकूर त्याच चाळणीतून काढायचा. दोन्ही बाजूंना एकच चाळणी, हे विसरलात तर सगळं फुकट. इंडेक्स लावायचा तो या दुसऱ्या कॉलमला.

शोध सुरुवातीच्या अक्षरांवरून ठेवा. "मांजर ने सुरू होणारं" हा प्रश्न इंडेक्स सोडवू शकतो. "मध्ये कुठेतरी जर असलेलं" हा नाही सोडवू शकत, तिथे पुन्हा सगळी वही चाळणं आलं. मधली अक्षरंही हवीच असतील तर मायएसक्यूएलमध्ये ५.७ पासून एन-ग्रॅमची सोय आहे, शब्दाचे दोनदोन चिन्हांचे तुकडे करून सूची बनवायची. सूची फुगते, पण नावांसारख्या छोट्या मजकुराला परवडते. विभक्तीचा प्रश्नही त्यानं अर्धाअधिक सुटतो, कारण मूळ तुकडे तेच राहतात.

आणि क्रमानं यादी लावताना 'ळ' कडे बघा. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच मागे आहे. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. छापील यादी कुणा मास्तरांच्या हातात जाणार असेल तर आधीच दुरुस्त करा, नाहीतर ते करून देतील.

फोन नंबर हा आकडा नाही

आता ते २१४७४८३६४७. फोनच्या कॉलमला मी पूर्णांक हा प्रकार दिला होता, आकडेच तर आहेत म्हणून. मायएसक्यूएलचा साधा पूर्णांक २१४७४८३६४७ च्या पुढे जात नाही. आपले मोबाइल नंबर दहा अंकी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे. म्हणजे एकूणएक नंबर मापाबाहेर. ऋण आकडे वगळले तरी कमाल ४२९४९६७२९५, तरीही बाहेरच.

यावर डेटाबेसनं ओरडायला हवं होतं. पण वर्डप्रेस जोडणी करताना मायएसक्यूएलचा कडक पवित्रा बंद करतं, जुनी प्लगिनं चालावीत म्हणून. मग मायएसक्यूएल मुकाट्यानं मोठ्यात मोठा मावणारा आकडा लिहून मोकळं होतं. त्रुटी नाही, काही नाही. पाच हजार माणसांचा एकच नंबर. ही चौथी चूक, आणि त्या रात्री सगळ्यात महागात पडलेली हीच. आजीचं गाव सापडलं असतं तरी तिच्या मुलाला फोन लागला नसता.

ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही, तो आकडा नाही, मजकूर आहे. फोन, पिनकोड, गट नंबर, आधारचे अंक, सगळं मजकूर म्हणून ठेवा. आणि नोंद लिहिल्यावर परत वाचून बघा. एक खरी नोंद घाला, डेटाबेसात जाऊन डोळ्यांनी बघा. मी पानावर बघितलं होतं, टेबलात नव्हतं बघितलं.

टेबल जन्माला घालणं, वाढवणं, पुरणं

कोड वाचून दाखवण्यात अर्थ नाही, पण तीन गोष्टी. टेबल बनवायचं ते प्लगिन सुरू करताना. वर्डप्रेसमध्ये त्यासाठी डीबीडेल्टा हे फंक्शन आहे, ते फार हट्टी आहे: प्रत्येक कॉलम वेगळ्या ओळीवर हवा, आणि 'प्रायमरी की' या शब्दांनंतर दोन मोकळ्या जागा हव्यात. एक दिलीत तर बिनसतं.

टेबलाच्या रचनेची आवृत्ती एका सेटिंगमध्ये लिहून ठेवा. नव्या आवृत्तीत इंडेक्स वाढवला असेल तर तो आकडा तपासून जुन्या साईटवरही वाढवता येतो. ड्रुपलमध्ये यासाठी क्रमांकित अपडेट हूक आहेतच.

आणि टेबल पुसायचं असेल तर फक्त प्लगिन कायमचं काढून टाकताना. नुसतं बंद करताना कधीही नाही. साईट हळू झाली की लोक पहिलं काय करतात? एकेक प्लगिन बंद करून बघतात. तेवढ्यात पाच वर्षांची नोंदणी गेली तर काय सांगणार?

शेवटची गोष्ट तांत्रिक नाही. यात म्हाताऱ्या माणसांचे फोन आहेत, आजार आहेत. पोस्टचा प्रकार करताना तो सार्वजनिक ठेवला की नोंदी गुगललाही दिसू शकतात, रेस्ट एपीआयमधूनही बाहेर जाऊ शकतात. स्वतःच्या टेबलाचा हा एक फायदा धरा: तुम्ही दार केल्याशिवाय त्याला दार नसतं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आलाय, पण कायद्याआधी साधी रीत: यात्रा संपली की औषधांची माहिती पुसा. पुढच्या वर्षी पुन्हा विचारू.

त्या मॉड्यूलचं पुढे काय झालं, असं विचारलंत तर, पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. गावांचं टेबल, माणसांचं टेबल, गाव आणि शोध-नाव असा जोड-इंडेक्स, फोनला वेगळा इंडेक्स. पुढच्या कार्तिकीला कपिलधारला मी स्वतः गेलो. काकांच्या शेजारी बसून, त्यांनी वहीतून काढायचं आणि मी फोनवरून, असा खेळ केला. मी जिंकलो, रेंज होती तोवर.

मग काका म्हणाले, "चांगलं केलंस लेकरा. पण वही मी आणणारच." मी म्हटलं, आणाच. आता नोंदणी संपली की गावानुसार छापील यादी आपोआप निघते, आणि तिची एक प्रत त्या लाल वहीत खोचलेली असते.

पुढच्या भागात बॅकअपबद्दल बोलू. तोवर आज घरी गेल्यावर एक करा: तुमच्या साईटच्या डेटाबेसात फोनचा कॉलम उघडून बघा. २१४७४८३६४७ दिसला, तर मला कळवा. एकटं वाटणार नाही.